गेन्झोभाऊजींचा डाग

आमच्या सात नंबरच्या इमारतीत घाण करायचा पगार मिळायचा तो एकट्या गेन्झो उराबेंना. बाकी आम्ही सगळे ती फुकटच करायचो आणि फुकटच पुसायचो.

गेन्झोभाऊजी सिनेमाच्या स्टुडिओत कामाला होते. सुतारांनी नवीकोरी खोली उभी करायची, रंगाऱ्यांनी ती रंगवायची, आणि मग भाऊजींनी जाऊन तिला चाळीस वर्षांची म्हातारी करून ठेवायची. दाराच्या मुठीभोवती हातांचा मळ, शेगडीमागे तेलकट धूर, खिडकीखाली पावसाचे ओघळ. सामुराईच्या झोपडीपासून पोलीस चौकीपर्यंत त्यांनी कुणाला म्हणून सोडलं नाही. पण त्यांचा खरा हात बसला होता तो छताच्या डागावर. छताकडे बघितलं की वाटावं, वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ उघडा टाकून गेलंय, आणि मग आठवावं, की वर कुणी राहतच नाही. असा डाग.

आणि अशा माणसाला बायको कोण मिळावी? हारुए! देव जोड्या जुळवतो म्हणतात. त्या दिवशी तो थट्टेच्या लहरीत असणार. हारुए आमच्या वसाहतीच्या साफसफाई मंडळाची प्रमुख, सलग एकोणीस वर्षं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नऊच्या ठोक्याला जिन्यात तिचा आवाज घुमायचा आणि ज्यांना ताप आलेला असायचा त्यांचाही उतरायचा. माझी मैत्रीण आहे ती, तरी सांगते. माझ्या घरी चहाला आली तर बशी उचलून खाली बघते, बाई!

त्यांचं दार माझ्या दारासमोर. भाऊजी संध्याकाळी स्टुडिओतून आले की रोजचा खेळ मला फुकटात ऐकायला मिळायचा.

"तिथेच थांबा. मोजे काढा. शर्ट काढा. हात दाखवा."

"अगं, मित्सुयोबाई ऐकतायत."

"ऐकू दे. मी काय भोगतेय ते कळू दे तिला."

हारुएने नवऱ्याचा एकही सिनेमा बघितला नव्हता. एक तर भुताची भीती. दुसरं म्हणजे तिचं म्हणणं असं, की घाण बघायला तिकीट काढून कशाला जायचं, ती रोज संध्याकाळी सात वाजता चालत घरी येतेच की! भाऊजी यावर हसायचे. पण एका नववर्षाला, दोन पेले जास्त झाल्यावर, ते माझ्या नवऱ्याजवळ बोलून गेले, "चाळीस वर्षं झाली लग्नाला. मला दुसरं काही नको. तिने माझा एक डाग, एकच, नीट डोळे भरून बघावा. फडकं न शोधता." नवऱ्याने मला सांगितलं आणि मी पोट धरून हसले. आता माझा नवरा नाही, आणि त्या हसण्याची मला लाज वाटते.

तर त्या चारशे दोन नंबरच्या खोलीची गोष्ट. भाऊजींच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका पोरगेल्या दिग्दर्शकाने आमच्याच इमारतीतली चौथ्या मजल्यावरची रिकामी खोली महिनाभर मागून घेतली. पैसे कमी, माणसं आठ, भुताचा सिनेमा. सिनेमात काय, तर एक एकटा शिंपी राहायला येतो. अंथरूण घालतो. वर छताला डाग. तो अंथरूण कोपऱ्यात सरकवतो, तर सकाळी डाग कोपऱ्यात. दारापाशी घालतो, तर डाग दारापाशी. बस्स. भूत शेवटपर्यंत दिसत नाही. कुणाचं आहे, कशाने मेलं, त्याला काय हवंय, काही कळत नाही. आणि कुणी विचारतही नाही. परक्या माणसाला असं खोदून विचारणं बरं दिसतं का?

सिनेमा चालला. फार चालला. भाऊजींनी केलेला डाग छतावर तसाच राहिला, आणि चारशे दोन कायमची रिकामी राहिली. भाड्याने घ्यायला आलेली माणसं जिन्यातच विचारायची, "ती हीच का हो?" आणि चपला न काढताच परत जायची. त्यातून पावसाळ्यात अफवा उठायची, की डाग वाढतो. वाढतो म्हणजे, दमट दिवसांत तो खरंच गडद व्हायचा. मी स्वतः बघितलाय. किल्ली हारुएकडे असायची, पण आमचा सगळ्यांचा झाडू चौथ्या मजल्यावर पोचला, की चारशे दोनच्या उंबऱ्यापाशी आपोआप वळायचा.

पाच वर्षांनी, मे महिन्यात, चिनामि नावाच्या मुलीचा फोन आला. ती दुभाषी होती. अमेरिकन लोक आपला सिनेमा नव्याने काढतायत, म्हणाली, त्यांचे नट घेऊन. त्यांच्याकडचे ब्रॅनिगन म्हणून साहेब आहेत, सिनेमातल्या खोल्या तेच ठरवतात. त्यांना ती खोली बघायचीय, तो डाग बघायचाय आणि तो डाग करणारे उराबेकाका बघायचेत. मंगळवारी सकाळी दहाला येतील.

भाऊजींनी फोन ठेवला. मग बायकोला म्हणाले, "अमेरिकेहून माणूस येतोय. माझा डाग बघायला."

"विमानाचं तिकीट काढून?" हारुए म्हणाली. "वेडेच दिसतायत." पण मी दारातून बघत होते. ती आतून फुलली होती, आणि घाबरलीही होती. परदेशी पाहुणे! आमच्या इमारतीत! तिने त्याच संध्याकाळी घरोघर फिरणाऱ्या सूचनेच्या पाटीवर लावलं: "इमारतीची लाज आपल्या हातात आहे. रविवारी सकाळी सात. कारणं ऐकली जाणार नाहीत."

शनिवारी भाऊजी मोठ्या भावाकडे गावी गेले, वडिलांच्या तेहतिसाव्या श्राद्धाला. हारुएही जायची, पण पाहुण्यांसाठी मागे राहिली. आणि रविवारी आम्ही बेचाळीस माणसं त्या इमारतीवर तुटून पडलो. पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडलं. गंजलेले कठडे रंगवले. पत्रपेट्या घासून लख्ख केल्या. दारोदार फुलांच्या कुंड्या मांडल्या. मग हारुए फडक्याने तोंड बांधून चारशे दोनसमोर उभी राहिली. एका खिशात तिने मिठाची पुडी ठेवली होती, भुतासाठी.

"तिथेही जायचं?" मी विचारलं.

"पाहुणे तिथेच तर जाणार ना! स्टूल धर."

मी स्टूल धरलं. ती वर चढली, डोळे अर्धे मिटून, आणि दोन तास ते छत घासत राहिली. आता तुम्ही म्हणाल, अहो बाई, तुम्हाला अक्कल नव्हती का? नव्हती. बेचाळीस जणांत एकालाही नव्हती. पाहुणे येणार म्हटलं की आमचे हात फडक्याकडे जातात, डोकं मागाहून येतं. साहेब बघायला येणार होते ती घाणच आम्ही पाहुण्यांची लाज म्हणून धुऊन काढत होतो. छत पांढरंशुभ्र झालं तेव्हा मी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

संध्याकाळी भाऊजी आले. हातात गावाकडच्या तांदळाच्या मिठाईचा डबा. थेट वर गेले. आम्ही दोघी कौतुक ऐकायला मागे मागे. ते खोलीच्या मध्यभागी उभे राहिले आणि त्यांनी वर बघितलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हारुएच्याही पडला असणार, कारण तिने माझा दंड इतका करकचून धरला की दोन दिवस वळ होता.

भाऊजींनी मान खाली केली. मग हळूच म्हणाले, "छान साफ झालंय," आणि डबा माझ्या हातात देऊन खाली गेले.

हारुए तिथेच बसली आणि रडायला लागली. "चाळीस वर्षं घासतेय मी, मित्सुयो," ती म्हणाली, "आणि माझं पहिलं कौतुक त्यांनी आज केलं." एक गोष्ट तिला आता सांगायलाच हवी होती, म्हणून सांगितली. नववर्षाला भाऊजी जे बोलले होते ते, शब्दाला शब्द. ती ऐकत राहिली आणि मग घरी गेली.

भाऊजींना डाग नव्याने करणं अवघड होतं. वय त्र्याहत्तर. आयुष्यात कधी एक ओळ लिहून ठेवली नाही. "हात करायचा, मला कुठे ठाऊक," असं त्यांचं. कॅसेट लावून बघितली, तर सिनेमा इतका अंधारातला की डागाचा आकारही धड कळेना. साहेबाला तर तोच डाग हवा होता, त्याच्यासारखा दुसरा चालणार नव्हता.

सोमवारी सकाळी साडेसहाला माझं दार वाजलं. हारुए. कमरेला फडकं, डोळे सुजलेले.

"शिडी दे."

वर भाऊजी पांढऱ्या छताखाली मांडी घालून बसले होते, भोवती डबे आणि कुंचले, आणि एकालाही हात लावलेला नव्हता.

"उठा," हारुए म्हणाली. "वरचा थर आधी सांगू का खालचा?"

"काय?"

"पाच थर होते. मी काढलेत ना! कुठला कुठे सुटला, कुठे अडला, सगळं पाठ आहे मला. तुम्ही घालून विसरला असाल. मी काढून विसरत नाही."

भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी चष्मा लावला.

"सगळ्यात आधी काय गेलं?"

"काळी पूड. कोरड्या फडक्याने."

"तव्याची काजळी. ती शेवटी."

"मग हिरवट. मधोमध जास्त."

"शिळा हिरवा चहा."

"मग तांबूस, खिडकीकडे ओघळलेला. त्याने माझं एक फडकं वाया गेलं."

"गंजलेल्या खिळ्यांचं पाणी."

"त्याखाली तपकिरी. तो लगेच निघाला."

"जवाचा चहा. आणि सगळ्यात खाली?"

"काठ," हारुए म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला. "तो पिवळा काठ! साबण लावला, सोडा लावला, तीन वेळा घासला, मेला हलेना! आणि ओला केला की वास यायचा."

"कसला वास?"

हारुए सांगायला गेली आणि थांबली. तिचं नाक फुललं. मला ते नाक चांगलं ठाऊक आहे.

"अहो," ती म्हणाली, अगदी सावकाश, "माझ्या लोणच्याचं मडकं!"

भाऊजी चष्मा पुसायला लागले.

पाच वर्षांपूर्वी, बरं का, हारुएच्या तांदळाच्या कोंड्यात मुरवलेल्या लोणच्याच्या मडक्यात वर सुटणारं खारं पाणी रोज कमी व्हायचं. सासूकडून आलेलं मडकं, तिचा जीव की प्राण. आणि तिने विचारलं कुणाला? मला! "मित्सुयो, तू नेतेस का गं?" दोन महिने मी तिच्याशी बोलत नव्हते. आणि चोर घरातच बसून रोज तेच लोणचं भाताबरोबर खात होता!

"खाऱ्या पाण्याचा काठ ओल धरतो," भाऊजी पुटपुटले. "दमट हवेत आपोआप गडद होतो. मला वाटलं, तुला सांगितलं तर…"

"घराबाहेर काढलं असतं," हारुए म्हणाली. म्हणजे डाग वाढायचा त्याचं कारण हे. भूत मिठाला घाबरतं म्हणतात. आमचं भूत मिठावरच जगत होतं.

मग ती खाली गेली आणि स्वतःच्या हाताने मडक्यातलं वाटीभर पाणी घेऊन आली. दिवसभर ते चाललं. भाऊजी शिडीवर, ती खाली, मी पंखा धरून. एक थर, वाळवायचा, दुसरा थर. "अजून डावीकडे. तिथे मला हात ताणावा लागला होता." "इथे नको. इथे मी एका झटक्यात पुसलं होतं." शेवटचा चहा भाऊजींनी तोंडात धरून फुर्रकन वर उडवला आणि अर्धा स्वतःच्याच हनुवटीवर घेतला. चार वाजता काम झालं. भाऊजी खाली उतरले. ते डागाकडे बघत नव्हते, बायकोकडे बघत होते. हारुएचा हात कमरेच्या फडक्याकडे गेला. भाऊजींनी श्वास रोखला, मीही रोखला. तिने फडकं काढलं आणि त्यांची हनुवटी पुसली.

"बरा दिसतोय का?" त्यांनी विचारलं.

"होता तिथे आहे," ती म्हणाली आणि मडकं झाकायला खाली पळाली. तपासनिसासारखं बघून झालं होतं तिचं; डोळे भरून बघणं काही झालं नव्हतं.

मंगळवारी ब्रॅनिगनसाहेब आले. ताडमाड माणूस, दारात डोकं आपटलं तर तोच दाराची माफी मागायला लागला. ताजे रंगवलेले कठडे, चमकणाऱ्या पत्रपेट्या, कुंड्या बघून त्याचा चेहरा पडत चालला. चिनामि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, साहेब विचारतायत, आपण चुकीच्या इमारतीत तर नाही आलो?" हारुएला वाटलं, स्तुती चाललीय. ती कमरेत वाकून वाकून आभार मानत होती.

पण चारशे दोनमध्ये शिरल्यावर त्या माणसाचा चेहरा खुलला. वर बघत, पायमोज्यांवर, तो गोल गोल फिरला. मग त्याने प्रश्न सुरू केले. हा डाग म्हणजे काय? भूत कुणाचं? त्याच्या मनात कुठलं दुःख आहे?

भाऊजींनी विचार केला आणि म्हणाले, "वरची मोरी गळते."

चिनामिने ते कसं सांगितलं देव जाणे, पण साहेबाने वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. इमारत त्याला फार स्वच्छ वाटली, तेव्हा सिनेमा इथल्याच स्टुडिओत करायचा ठरला, पण डाग मात्र भाऊजींनीच करायचा. भाऊजींनी तिथे जाऊन तो केला, हारुएने बरणीत भरून दिलेल्या पाण्याने. साहेब म्हणाला, मोठा करा, चेहऱ्यासारखा करा. भाऊजी म्हणाले, "विचार करतो." आपल्याकडे याचा अर्थ 'नाही' होतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. साहेब मात्र खूश होऊन हात मिळवून गेला.

पुढच्या वर्षी सिनेमाची डिस्क आली आणि वसाहतीच्या सभागृहात सगळ्यांनी मिळून लावली. हारुए येणार नव्हती. "भीती वाटते मला," म्हणाली. पण शेवटच्या क्षणी आली आणि भाऊजींच्या शेजारी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली.

काय सांगू तुम्हाला! आमच्या एकट्या शिंप्याचा झाला होता एक देखणा वकील, आणि त्याला एक सोनेरी केसांची बायको आणि एक कुत्रा. कुत्र्याला सगळ्यांच्या आधी सगळं कळतं. डाग दिसला रे दिसला की बायको गाडी काढून ग्रंथालयात जाते आणि दहा मिनिटांत भुताचं नाव, गाव, आई-बाप, कुणी मारलं, का मारलं, सगळी कुंडली घेऊन येते. आमच्या जिन्यातल्या भोचक शेजारीण कामेबाईंनाही एवढ्या चौकशा जमायच्या नाहीत.

पण त्याआधी, अगदी सुरुवातीला, वकील अंथरुणावर पडतो आणि वर बघतो. आणि पडद्यावर फक्त डाग. आवाज नाही, काही नाही. सात-आठ सेकंद असेल.

मी हारुएकडे बघितलं. बोटांच्या फटीतून एक डोळा. मग दुसरा. मग हात खाली आले. ती बघत होती. मान वर करून, तोंड किंचित उघडं, अशी बघत होती की शेजारी भाऊजी आहेत, सभागृह आहे, सगळं विसरली होती.

"काठ," ती म्हणाली. "बघा, काठ कसा धरलाय!"

आणि तेवढ्यात कॉम्प्युटरवाल्यांनी काय केलं कोण जाणे, डागाला डोळे फुटले, तोंड फुटलं, तोंडातून घागरीभर काळं पाणी धो धो पडलं. सगळं सभागृह किंचाळलं. हारुए ताडकन उभी राहिली.

"शी!" ती ओरडली. "आमच्या डागावर ही घाण कुणी केली?"

हशा असा उसळला की डिस्क थांबवावी लागली. भाऊजी एकटेच हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं, दोनदा.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी जिना झाडत मी चौथ्या मजल्यावर पोचले तर चारशे दोनचं दार सताड उघडं. खिडक्या उघड्या, जमीन पुसलेली. मधोमध स्टूल, स्टुलावर हारुए, आणि तिच्या हातात त्यांच्या देव्हाऱ्यातला तो मऊ कुंचा, ज्याने ती गेलेल्या सासू-सासऱ्यांच्या नावाच्या पाट्यांवरची धूळ झटकते. दुसऱ्या कशालाही ती त्याला हात लावू देत नाही. त्या कुंच्याने ती डागाच्या कडेकडेने, श्वास धरून, हलकेच फिरत होती.

"कोळिष्टकं धरतात गं," मला बघून ती जरा रागानेच म्हणाली. "मग काठ नीट दिसत नाही."

खाली भाऊजी दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे होते.

"छान साफ झालंय," ते म्हणाले.

"ते ठीक आहे," हारुए म्हणाली, "पण स्टूल का हलवताय?"